लोकसंख्येचा प्रश्न समाजशास्त्राच्या अंगाने कसा अभ्यासावा

"लोकसंख्या वाढली म्हणून गरिबी आली" हे वाक्य निबंधांत आणि भाषणांत इतक्या वेळा येतं, की त्याला पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. "विकास करा, लोकसंख्या आपोआप आटोक्यात येईल" हे उलट बाजूचं वाक्यही तितक्याच बिनधास्तपणे फेकलं जातं. दोन्हींत तथ्य आहे. पण कोणता देश, कोणता काळ, समाजातला कोणता थर हे ठरवल्याशिवाय ते हाती लागत नाही.

खालचा क्रम त्यासाठी आहे. समोर एखादा देश, धोरण किंवा बातमी ठेवा आणि एकेक पायरी घेत जा. माझा कल आधीच सांगून टाकतो. माणसं किती आहेत यापेक्षा जमीन कुणाच्या नावावर, घरातला पैसा कुणाच्या हाती आणि मूल कधी व्हावं हे ठरवतं कोण, हे प्रश्न मला जास्त कामाचे वाटतात. पण म्हणून आकडेमोड टाळून चालत नाही. सुरुवात तिथूनच.

पायरी १ : आकडा नेमका कशाचा आहे ते पाहा

"लोकसंख्या वाढते आहे" या तीन शब्दांत निदान चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: एकूण संख्या, वाढीचा दर, जननदर आणि वयोरचना. या चारही एकाच दिशेने जात असतील असं नाही.

जगाची लोकसंख्या १ अब्जावर पोचली ती १८०४ च्या सुमारास. २ अब्ज व्हायला १९२७ उजाडलं. ५ अब्ज १९८७ मध्ये झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाप्रमाणे १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८ अब्ज. एवढंच वाचलं तर घाबरायला होतं. आता वाढीचा दर पाहा. १९६० च्या दशकात तो वर्षाला २ टक्क्यांच्या वर होता, आज १ टक्क्याच्या खाली आहे. एकूण जननदर, म्हणजे दर स्त्रीमागे सरासरी मुलं, १९५० च्या सुमारास ५ च्या आसपास होता, आज २.३ च्या खाली आला आहे. म्हणजे संख्या वाढते आहे आणि वाढीचा जोर गेली पन्नासेक वर्षं ओसरतोही आहे. बातमी देणारा आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतो.

वाढीचा दर कळला की ७० ला त्याने भागा. २ टक्के असेल तर लोकसंख्या साधारण ३५ वर्षांत दुप्पट, १ टक्का असेल तर ७० वर्षांत. दराच्या दशांशातला फरक किती मोठा असतो हे या एका भागाकाराने कळतं.

एकूण जननदराबद्दल एक सावधगिरी. हा आकडा प्रत्यक्षातल्या कुठल्या स्त्रीचा नसतो. एका वर्षात वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांना जेवढी मुलं झाली, तेच प्रमाण एखादीने आयुष्यभर अनुभवलं तर तिला किती मुलं होतील, असा तो मांडलेला हिशेब असतो. त्यामुळे एखाद्या पिढीने मूल नुसतं पाच वर्षं पुढे ढकललं, तरी तेवढा काळ दर कोसळल्यासारखा दिसतो.

शेवटी वयोरचना. जननदर २.१ या प्रतिस्थापन पातळीला, म्हणजे आईबापांची जागा भरण्यापुरतीच मुलं होतील अशा पातळीला, आला की वाढ थांबते, असा समज फार पसरलेला आहे. थांबत नाही. आधीच्या दशकांत जन्मलेल्या मुलींची मोठी पिढी आता आई होण्याच्या वयात असते. प्रत्येकीला दोनच मुलं झाली, तरी जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहतात. भारताचा एकूण जननदर २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.० निघाला. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे देशाची लोकसंख्या २०६० च्या दशकापर्यंत वाढत राहील. ही वाढ आजच्या जोडप्यांच्या "बेजबाबदारपणा"तून येत नाही, कालच्या वयोरचनेतून येते. दोष द्यायच्या आधी हा फरक करायलाच हवा.

पायरी २ : संक्रमणाच्या टप्प्यांवर देश ठेवून पाहा

लोकसंख्या संक्रमणाचा सिद्धांत पाठ्यपुस्तकात असतोच. वॉरेन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये त्याची मांडणी सुरू केली आणि फ्रँक नोटस्टाइन यांनी १९४५ मध्ये तिला पक्कं रूप दिलं. आधी जन्मदर आणि मृत्युदर (दर हजार लोकांमागे वर्षाला होणारे जन्म आणि मृत्यू) दोन्ही चढे. मग मृत्युदर घसरतो आणि मधल्या अंतरात लोकसंख्या फुगते. मग जन्मदरही उतरतो. देश यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवा, पण तेवढ्यावर थांबू नका. या टप्प्यांना वेळापत्रक समजलं की गडबड सुरू होते.

इतिहास त्या वेळापत्रकाने चाललेला नाही. फ्रान्समध्ये जननदराची घसरण अठराव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली, तेव्हा तिथे कारखानदारी रुजलेलीही नव्हती. औद्योगिक क्रांती आधी झाली ती इंग्लंडमध्ये, आणि तिथे जननदर ठळकपणे उतरू लागला १८७० च्या दशकानंतर. लोकसंख्यातज्ज्ञ अँसली कोल यांच्या नेतृत्वाखाली प्रिन्स्टन विद्यापीठाने युरोपातल्या शेकडो प्रांतांची आकडेवारी तपासली, तेव्हा उत्पन्न किंवा शहरीकरण अमुक पातळीला आलं की जननदर उतरतो, अशी एकही रेषा सापडली नाही. उलट एकच भाषा आणि रीतिरिवाज असलेले शेजारी प्रांत बरेचदा जवळपास बरोबरीने बदलले. समाजशास्त्रासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे: पैशाआधी कल्पना पसरू शकतात.

दुसरं म्हणजे, आशिया-आफ्रिकेतल्या देशांचा "दुसरा टप्पा" युरोपसारखा नव्हता. युरोपात मृत्युदर शंभरेक वर्षांत हळूहळू उतरला. श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, १९४६ ते १९४७ या एका वर्षात तो हजारी २० वरून १४ च्या आसपास आला. त्यात डासांवर केलेल्या डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. वेगाबद्दल नाही. मृत्यू एवढ्या झपाट्याने घटले आणि शेती, शाळा, रोजगार मात्र वसाहतीच्या काळात होते तिथेच राहिले. हा इतिहास वगळून "तिसऱ्या जगातली बेसुमार वाढ" म्हणणं अर्धवट आहे. (जाता जाता, "तिसरं जग" हा शब्दप्रयोग १९५२ मध्ये रूढ केला तो आल्फ्रेड सोव्ही या फ्रेंच लोकसंख्यातज्ज्ञाने.)

पायरी ३ : उंबरठ्याच्या आत जा

देशाचा दर हा शेवटी लाखो घरांतल्या निर्णयांची बेरीज असतो, आणि काही घरांत तो निर्णयच नसतो. कोल यांनी १९७३ मध्ये जननदर उतरण्यासाठी तीन अटी मांडल्या. मुलं किती हवीत हा आपण ठरवायचा विषय आहे, असं जोडप्याला वाटायला हवं. कमी मुलं असण्यात फायदा दिसायला हवा. आणि तसं करण्याचं साधन हाताशी हवं. कुठल्याही समाजाचा अभ्यास करताना यातली कोणती अट अडली आहे ते शोधा. गर्भनिरोधकं फुकट वाटूनही दर हलत नसेल, तर अडचण बहुधा तिसऱ्या अटीत नाही.

दुसऱ्या अटीसाठी जॉन कॉल्डवेल यांचा विचार उपयोगी पडतो. नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या अभ्यासातून त्यांनी १९७६ मध्ये विचारलं: आयुष्यभराचा हिशेब केला तर घरात संपत्ती कुठून कुठे वाहते? मुलं लहानपणापासून राबत असतील आणि म्हातारपणी आईबापांना सांभाळत असतील, तर जास्त मुलं हा अडाणीपणा नसून व्यवहार आहे. शाळा सक्तीची झाली, मुलाच्या कमाईऐवजी त्याच्यावरचा खर्च वाढला, की प्रवाह उलटा होतो आणि घराचं गणितही.

इथे लिहिण्याची एक शिस्त लावून घ्या. "स्त्रीशिक्षणाने जननदर घटतो" असं लिहून पुढे जाऊ नका, वाट दाखवा. किंग्जली डेव्हिस आणि ज्युडिथ ब्लेक यांनी १९५६ मध्येच दाखवून दिलं होतं, की कुठलंही सामाजिक कारण जननदरापर्यंत मोजक्याच वाटांनी पोचतं: लग्नाचं वय, लग्नाविना राहणाऱ्यांचं प्रमाण, गर्भनिरोधन, गर्भपात अशा. शिक्षणाने लग्न लांबलं, की लग्नानंतर नवऱ्याशी बोलायचं बळ आलं, की दवाखान्यात एकटीने जाता आलं? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे.

पायरी ४ : एकच घटना सगळ्या सिद्धांतांतून काढून पाहा

लोकसंख्येवर लिहिणाऱ्या माल्थस, मार्क्स, बोसरप यांची नावं एकाखाली एक लिहून प्रत्येकाचे "गुण-दोष" देण्याची पद्धत मला निरुपयोगी वाटते. सिद्धांत पारखायचा तर त्याच्यापुढे घटना ठेवा. आयर्लंडचा बटाट्याचा दुष्काळ यासाठी उत्तम आहे, कारण तिथे कुणीच पूर्ण जिंकत नाही.

घटना अशी. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं पीक पुन्हा पुन्हा बुडालं. साधारण १० लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८५१ ची जनगणना भरली ६५.५ लाखांवर.

माल्थस यांनी १७९८ मध्ये मांडलं होतं, की लोकसंख्या भूमितीय श्रेणीने वाढू पाहते आणि अन्न गणितीय श्रेणीने. म्हणून लग्नं लांबवून ती आवरली नाही, तर उपासमार आणि रोग ती आवरतात. त्यांचा अनुयायी आयर्लंडकडे बोट दाखवून म्हणेल, हे घ्या. लहानशा तुकड्यांवर वाढलेली कुटुंबं, एकाच पिकावर भिस्त, आणि मग निसर्गाचा फटका. मदतकार्याची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते ब्रिटिश अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन, माल्थस शिकवत असलेल्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेले होते, आणि या आपत्तीत त्यांना ईश्वरी योजना दिसत होती. सिद्धांत फक्त समजावून सांगत नाहीत, ते सरकारी फायलींवर बसतात.

आता उलट प्रश्न विचारा. तुकडे एवढे लहान का होते? जमीन बव्हंशी जमीनदारांची होती आणि त्यांतले कितीतरी देशाबाहेर राहत. गहू, ओट, जनावरं खंडासाठी (जमीनदाराला द्यायच्या भाड्यासाठी) आणि बाजारासाठी, बटाटा पोटासाठी, अशी वाटणी होती. दुष्काळातही धान्य आणि जनावरं बंदरांतून बाहेर जात राहिली. १८४७ च्या कायद्यात तर अशी अट आली, की पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही. म्हणजे जेवायचं असेल तर जमीन सोडा. मार्क्स यांनी १८६७ मध्ये आयर्लंडचंच उदाहरण घेऊन माल्थसवर वार केला: एवढी माणसं मेली आणि गेली, तर उरलेल्यांची चंगळ व्हायला हवी होती. झाली नाही. शेतांचे तुकडे एकत्र करून कुरणं झाली, मजूर पुन्हा "जास्त" ठरले. अतिरिक्त लोकसंख्या ही जमिनीच्या मानाने ठरत नाही, भांडवलाला किती हात लागतात यावर ठरते, असा त्यांचा मुद्दा. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरून जे मांडलं तेही इथे लावून पाहा. अन्न आहे की नाही हा एक प्रश्न, ते मिळवण्याचा हक्क कुणाकडे उरला आहे हा दुसरा.

एस्टर बोसरप यांचा १९६५ चा मुद्दा वेगळाच. लोकसंख्येचा दाब आला की माणसं जमीन पडीक ठेवणं कमी करतात, जास्त राबतात, नवी तंत्रं काढतात. आयर्लंडमध्ये हे झालं होतं. डोंगरउतार आणि दलदलीच्या कडा वाफे करून लागवडीखाली आणलेल्या होत्या, थोड्या जमिनीत अख्खं कुटुंब जगत होतं. पण गरिबांच्या वाट्याला आला तो बहुतांशी 'लंपर' नावाचा एकच वाण, आणि करप्यापुढे तो टिकला नाही. कल्पकता होती, तिची फळं खंडात जात होती आणि जोखीम कसणाऱ्याच्या अंगावर होती.

इतकं झाल्यावर माल्थस बाद झाला असं वाटेल. मग दुष्काळानंतरची कुटुंबं पाहा. जमिनीची वाटणी थांबली, ती एकाच मुलाला मिळू लागली. बाकीचे मुलगे-मुली बोटीत बसले किंवा अविवाहित राहिले. लग्नाचं वय वाढत गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पन्नाशीच्या आसपासच्या साधारण चौघांपैकी एकाचं लग्नच झालेलं नव्हतं. हा अगदी माल्थसने सुचवलेला संयम होता. मात्र तो नीतिबोधातून आला नाही, वारसाहक्काच्या नियमातून आला. त्यात सर्वांत जास्त किंमत मोजली ती हुंडा नसलेल्या मुलींनी. म्हणूनच आयर्लंड सोडणाऱ्यांत स्त्रिया जवळपास पुरुषांइतक्याच होत्या, हे त्या काळच्या युरोपात वेगळंच होतं. आणि जी लग्नं झाली त्यांत मुलं भरपूर होत राहिली.

अशा पद्धतीने सिद्धांत लावला की "कोण बरोबर" हा प्रश्न मागे पडतो. कोणत्या सिद्धांताला कोणता पुरावा दिसतच नाही, हे समोर येतं. उत्तरपत्रिकेत दोन दृष्टिकोन असे भिडवले, तरी पाच दृष्टिकोनांच्या यादीपेक्षा ते सरस ठरतं.

पायरी ५ : धोरणाला श्रेय देण्याआधी मागची वर्षं काढा

"एक मूल धोरणामुळे चीनची लोकसंख्या आटोक्यात आली" हे वाक्य घ्या. धोरण आलं १९७९-८० मध्ये. चीनचा जननदर १९७० मध्ये ५.८ च्या आसपास होता आणि १९७९ पर्यंत २.८ च्या खाली आला होता. उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर आणि कमी मुलं, या सत्तरच्या दशकातल्या मोहिमेच्या काळातच निम्म्याहून जास्त घसरण होऊन गेली होती. तीही पूर्ण ऐच्छिक नव्हती, पण एक मूल धोरणाच्या आधीची होती. त्या धोरणाच्या खात्यावर जे निर्विवाद मांडता येतं त्यात मुलग्यांचा सोस आणि सक्ती यांचा संयोग आहे: जन्माच्या वेळी १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे असतात, चीनमध्ये ते एका टप्प्यावर ११८ च्या आसपास गेले. २०१६ पासून दुसऱ्या मुलाला आणि २०२१ मध्ये तिसऱ्याला परवानगी मिळाली. २०२२ पासून लोकसंख्या घटू लागली आहे. दट्ट्या काढला म्हणून पाळणे हलले नाहीत.

उलट दिशेची सक्तीही तपासा. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कू यांनी १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. जननदर १.९ वरून एका वर्षात ३.७ वर गेला, मग बायकांनी चोरवाटा शोधल्या आणि तो पुन्हा खाली आला. मागे उरलं ते युरोपातलं सर्वांत भयंकर मातामृत्यूंचं प्रमाण.

याच्या शेजारी इराण आणि बांगलादेश ठेवा. इराणने १९८९ मध्ये कुटुंबनियोजन पुन्हा हाती घेतलं. खेड्यांत आरोग्यघरं होती, मुली शाळेत जात होत्या; ६ च्या वर गेलेला दर २००० च्या सुमारास २ च्या जवळ आला. बांगलादेशात गावातल्याच स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून दारोदार गेल्या. सत्तरच्या दशकात ७ च्या आसपास असलेला दर, देश गरीब असतानाच, दोन-सव्वादोनपर्यंत उतरला. "आधी श्रीमंती, मग छोटं कुटुंब" हा क्रम अटळ नाही, याला याहून ठळक उदाहरण नाही.

१९७४ च्या बुखारेस्टमधल्या जागतिक लोकसंख्या परिषदेत "विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक" असं भारताचे तेव्हाचे आरोग्यमंत्री करण सिंह म्हणाले. दोनच वर्षांनी, आणीबाणीत, त्याच सरकारने १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. परिषदेतल्या घोषणेवरून धोरण वाचू नका, लक्ष्यांक कुणाला दिला आणि न पाळल्यास काय होतं ते वाचा. १९९४ च्या कैरो परिषदेत १७९ देशांनी लक्ष्यांकांऐवजी स्त्रीचं आरोग्य आणि तिचा हक्क मध्यभागी ठेवला तो याच अनुभवांनंतर.

पायरी ६ : विकासाची बाजूही तपासा

काम करण्याच्या वयातली माणसं जास्त आणि अवलंबून असलेली कमी, अशी काही दशकं प्रत्येक देशाला एकदा मिळतात. त्यातून मिळणाऱ्या फायद्याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात, पण तो आपोआप जमा होत नाही. पूर्व आशियाने त्या काळात शाळा आणि कारखाने उभे केले. रोजगार नसेल तर त्याच वयोरचनेतून बेकारांची फौज निघते.

जननदर फार उतरला की तोही विकासाचा प्रश्न होतो. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये तो ०.७२ होता. पीटर मॅकडोनाल्ड यांनी २००० मध्ये याचं एक पटण्यासारखं कारण दिलं: शिक्षण आणि नोकरीत स्त्रीला जवळपास बरोबरी मिळाली, घरात मात्र जुनीच वाटणी राहिली, की ती मूलच नको म्हणते. पुढे अनुदानं वाटून हे सुटत नाही.

पर्यावरणाचा मुद्दा आला तर माणशी हिशेब मागा. अमेरिकेत दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला साधारण १४ टन आहे, नायजरमध्ये ०.१ टनाच्या आसपास. नायजरचा जननदर जगात सर्वांत जास्त असणाऱ्यांपैकी आहे, ६ च्या जवळपास. पृथ्वीवरच्या भाराची चर्चा मात्र बरेचदा त्याच देशापासून सुरू होते.

पायरी ७ : भाकितं हाताळताना

१९६८ मध्ये जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी लिहिलं, की सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपाशी मरतील. तसं झालं नाही. १९८० मध्ये त्यांनी अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांच्याशी पैज लावली, की लोकसंख्या वाढेल तशी टंचाई येऊन पाच धातू दहा वर्षांत महागतील. ते हरले आणि १९९० मध्ये ५७६.०७ डॉलरचा धनादेश सायमन यांना गेला. ही गोष्ट सायमनच्या बाजूचे लोक फार आवडीने सांगतात. पण धातूंचे भाव पाहता वेगळी दहा वर्षं निवडली असती तर निकाल अनेकदा उलटा लागला असता. पैज हा पुरावा नव्हे, दोन्ही बाजूंसाठी.

संयुक्त राष्ट्रांचे अंदाज यापेक्षा खूपच सावध असतात, आणि तेही बदलतात. २१०० सालासाठी त्यांचा मधला अंदाज २०१५ च्या आवृत्तीत ११.२ अब्ज होता, २०२४ च्या आवृत्तीत १०.२ अब्ज आहे. त्याआधी २०८० च्या दशकात १०.३ अब्जांचं शिखर येईल असं त्यात म्हटलं आहे. नऊ वर्षांत एक अब्ज माणसं कागदावरून गेली, मुख्यतः जननदर अपेक्षेपेक्षा लवकर उतरले म्हणून. तेव्हा २१०० चा कुठलाही आकडा लिहाल तेव्हा त्याच्यापुढे आवृत्तीचं साल लिहा, मधला अंदाज की टोकाचा ते लिहा, आणि जननदराबद्दल कोणतं गृहीतक धरलं आहे ते एका ओळीत द्या.